तेल लावलेले पाय, आणि ‘एका थेंबाची’ बाटली

आठवडी बाजारात गावरान कोंबडी घेताना गिऱ्हाईक तुरा बघतं, हातात वजन तोलतं आणि पैसे मोजतं. पायांकडे कुणी बघत नाही, आणि विकणाऱ्याचं तिथेच फावतं. खरूज झालेले पाय ओल्या फडक्याने पुसून वर गोडेतेल-हळदीचा हात फिरवला की पांढरट भुकटी दिसेनाशी होते, उचकटलेले खवले चपटे बसतात, पाय पिवळेधम्मक दिसतात. घरी तेल सुकलं की नडगी पुन्हा खरबरीत. तोवर ती कोंबडी तुमच्या खुराड्यात बाकीच्यांना खेटून दांडीवर बसायला लागलेली असते, आणि ही खरूज पसरते ती अशीच.

म्हणून घेतानाच कोरड्या फडक्याने नडगी खसाखसा पुसा. फडकं तेलकट झालं तर तिथूनच माघारी फिरा. खवल्याच्या कडेखाली भुसभुशीत पांढरं पूट दिसलं, तरीही तेच. ‘वयाने पाय असेच होतात’ हे उत्तर तयार असतं. वयाने खवले जाड होतात हे खरं, पण त्यांच्याखाली भुकटी साचत नाही. शिवाय मघाशी ती तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, म्हणून दाखवली होती ना?

दुसरी फसवणूक औषधाची. ‘एका थेंबात खरूज साफ, दोन दिवसांत नवे पाय’ असं सांगून बिनलेबलची बाटली गळ्यात मारतात. दोन दिवसांत नवे पाय येणं शक्यच नाही. ही खरूज करणारा निमिडोकॉप्टिस म्युटन्स हा बारीक किडा खवल्याखालच्या कातडीत बीळ करून राहतो. तो मेला तरी बिघडलेला खवला बहुधा पिसं गळण्याच्या हंगामापर्यंत तसाच राहतो. बाटलीत रॉकेल किंवा जळकं ऑइल असेल तर कातडी भाजते. जनावरांचं १ टक्का आयव्हरमेक्टिन, म्हणजे किडे मारणारं औषध, असेल तर ते आणखी धोक्याचं. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने दीड किलोच्या कोंबडीला ते फक्त ०.०३ मिली लागतं. ड्रॉपरचा एक थेंबच साधारण ०.०५ मिलीचा. त्यात अंडी किती दिवस खायची नाहीत, हे बाटलीवाला सांगत नाही. हे औषध पशुवैद्यकाच्या हातूनच द्यावं.

घरचा उपाय स्वस्त आहे, फक्त चिकाटी लागते. कोमट साबणपाण्यात पाय दहा मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशने सुटलेली पुटंच काढा. ओढून काढली तर रक्त येतं. पाय कोरडे करून बोटांच्या बेचक्यांतही व्हॅसलिन किंवा १० टक्के गंधक मलम जाडसर थापा. पहिला आठवडा रोज, पुढे दिवसाआड, एकूण तीन-चार आठवडे. पायांवर चकाकी आली म्हणून मध्येच थांबलात तर खोलवरचे किडे पुन्हा वाढतात. उपचार खुराड्यातल्या सगळ्यांना एकदम करा, धडधाकट दिसणाऱ्यांनाही. दांड्या उकळत्या पाण्याने घासून उन्हात वाळवा, फटींत चुना भरा. नवी कोंबडी महिनाभर वेगळ्या डालग्याखाली ठेवा, आणि पहिल्याच संध्याकाळी तिचे पाय साबणाने धुऊन उजेडात बघा. बाजार पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो. खोट निघाली तर ती घेऊन त्याच जागी जाता येतं.