हंटर ३५०: परवडणारी मोटारसायकल आणि तिला लागलेले कोल्हापुरी हात

आमच्या पेठेत दारात बुलेट उभी असणे ही घराच्या प्रतिष्ठेची खूण मानली जाई आणि ती हौस माझ्यातही उतरली होती. मात्र माझी उंची पाच फूट पाच इंच आणि रोजचा रस्ता महाद्वार रोड व गंगावेशीच्या गर्दीतला असल्यामुळे जड गाडी घेण्याचे धाडस मी वर्षानुवर्षे पुढे ढकलत राहिलो. रॉयल एनफिल्डने ऑगस्ट २०२२ मध्ये हंटर ३५० बाजारात आणली, तेव्हा तिच्या सर्वांत स्वस्त प्रकाराची एक्स-शोरूम किंमत १,४९,९०० रुपये होती. त्याच कंपनीच्या क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आहे, तर हंटरच्या मेट्रो प्रकाराचे १८१ किलो. हा १४ किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, परंतु उतारावर लावलेली गाडी मागे ओढून काढताना त्याची किंमत कळते. मी मेट्रो प्रकार घेतला. त्याला पुढेमागे डिस्क ब्रेक व दोन्ही चाकांवर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) आहे आणि जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या वळणांवर पावसात उतरणाऱ्या माणसाने त्या बाबतीत काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

इंजिन ३४९ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ७२ मिमी, तर पिस्टनची चाल ८५.८ मिमी, म्हणजे व्यासापेक्षा चाल बरीच जास्त आहे. म्हणूनच मिनिटाला ४,००० फेऱ्यांनाच २७ न्यूटन मीटर इतका पूर्ण जोर हाती येतो आणि गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. ऊसतोडणीच्या हंगामात कागलच्या बाजूला ट्रॉल्यांच्या रांगेमागून जाताना तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे सरकता येते आणि मोकळी जागा मिळताच तिथूनच पुढे निघता येते. १७ इंची चाके आणि दोन चाकांमधले १,३७० मिमी अंतर यांमुळे गाडी चटकन वळते. जुन्या वळणाचे गोल दिवे, टाकीचा थेंबासारखा आकार आणि उघडे दिसणारे इंजिन हे सारे आहेच, पण मला ती आवडली ती प्रामुख्याने तिच्या या आटोपशीरपणामुळे.

मागच्या शॉकॉपची, म्हणजे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगच्या जोडीची, चाल १०२ मिमी आहे, आणि एवढ्या आखूड चालीच्या कोणत्याही गाडीवर खड्डा पाठीपर्यंत पोहोचतोच. स्प्रिंगचा ताण सहा टप्प्यांत बदलता येतो. एकट्याने चालवणाऱ्याने तो सर्वांत मऊ टप्प्यावर ठेवून पाहावा. तेवढ्याने भागले नाही म्हणून मी पहिला बदल सीटमध्ये केला. पहिल्या कारागिराने घातलेला फोम दुकानात हाताने दाबून पाहिला तेव्हा लोण्यासारखा लागला, परंतु गगनबावड्याला जाताना कळे गाव येण्याच्या आतच तो दबून बसला आणि खालचा पाया टोचू लागला. सीटचा फोम मऊ नव्हे, दाट हवा, हे मला त्या दिवशी उमगले. दुसऱ्या कारागिराने खाली दाट आणि वर अर्धा इंच मऊ असे दोन थर दिले, उंची मूळचीच ठेवली आणि टाकीजवळ सीट दोन्ही बाजूंनी थोडी तासली. मांड्या कमी फाकल्या जात असल्यामुळे ८०० मिमी उंचीच्या त्याच सीटवरून आता माझे दोन्ही पाय पूर्ण टेकतात. या गाडीवर मी जेवढा खर्च केला त्यातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच होय.

दुसरा बदल दिसायला अगदी लहान आहे, पण त्यावर मी मनापासून लिहू इच्छितो. हँडलच्या दोन टोकांना जी वजने असतात ती केवळ शोभेची नसतात. त्यांच्या जडपणामुळे हँडलमध्ये येणारी थरथर कमी होते. मी हौसेने ॲल्युमिनियमची चकचकीत टोके बसवली आणि ताशी ८० किमीच्या पुढे तळहातांना मुंग्या येऊ लागल्या. कारण सरळ होते: ॲल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते. मग ती टोके घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून फौंड्रीच्या सुट्या भागांपर्यंत सर्व काही घडवणाऱ्या या वसाहतीत लेथवर उभ्या असलेल्या टर्नरला नकाशा लागत नाही, नमुना पुरतो. त्यांनी ॲल्युमिनियमचा तुकडा तळहातावर तोलला, बाजूला ठेवला आणि पितळेची कांडी घेतली. पितळ लोखंडाहूनही जड असल्यामुळे त्याच मापात मूळ टोकांपेक्षा थोडे अधिक वजन बसले, थरथर ओसरली, आणि काळ्या हँडलच्या टोकाला आलेला पितळी रंग या गाडीला इतका शोभतो की कॅटलॉगमधली कोणतीही वस्तू तशी शोभली नसती. गेल्या पावसाळ्यात ती टोके काळवंडली. मी ती चिंचेने घासली, जशी घरची समई घासतो.

कातड्याच्या कामाविषयी मात्र इच्छुकांनी सावध राहावे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. या कातड्याची सीट करून घ्यावी असा मोह मलाही झाला होता, परंतु चपला शिवणाऱ्या ज्या कारागिराकडे मी गेलो त्यांनीच मला परावृत्त केले. असे कातडे पाणी पिते, सुकताना आखडते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या सीटला रेक्झिनच योग्य. त्याऐवजी त्यांनी टाकीवरून जाणारा पट्टा आणि पाने-पक्कड ठेवण्याची गुंडाळी शिवून दिली, वेणी घातलेल्या काठासह. पट्ट्याला प्रथम लोखंडी बक्कल होते. पाऊस लागताच त्याभोवती निळसर काळे डाग पडले, कारण झाडसालीने कमावलेल्या कातड्यातील द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाला की शाईसारखा रंग तयार होतो. बक्कल पितळेचे केल्यावर तो प्रश्न मिटला. पट्ट्याखाली धूळ अडकून टाकीच्या रंगावर ओरखडे येतात, म्हणून आतून मऊ फ्लॅनेल लावून घ्यावे, आणि जून ते सप्टेंबर पट्टा काढून घरात तेल लावून ठेवावा.

सायलेन्सर बदलण्याचा सल्ला मला जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळाला आणि मी तो प्रत्येक वेळी नाकारला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली आहे. तांत्रिक कारणही आहे: एक्झॉस्टच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर पाहूनच इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते ठरते, त्यामुळे नळी बदलली की सारे गणित बिघडू शकते. पण मला या दोन्हींपेक्षा मोठे वाटणारे कारण दसरा चौकाजवळ आहे. सीपीआर रुग्णालयात माझी आई अकरा दिवस होती. खिडकीखालून फटफटत जाणाऱ्या गाड्यांनी तिची मोडलेली झोप मी शेजारी बसून पाहिली आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. लेग गार्ड जरूर बसवावा. जादा दिवे लावायचे असतील तर मूळ वायरिंग न कापता कपलरने (वायरी जोडण्याच्या प्लगने) जोडून घ्यावेत, अन्यथा वॉरंटीचा वाद उद्भवतो. नंबर प्लेटला हात लावू नये.

आज नवी हंटर घेणाऱ्याला दोन गोष्टी माझ्यापेक्षा अनुकूल आहेत. २०२५ च्या सुधारित गाडीत मागच्या स्प्रिंगची रचना बदलली आहे, क्लच हलका झाला आहे आणि वरच्या प्रकारांत पुढचा दिवा एलईडी आला आहे. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. मागची स्प्रिंगच बदलली असल्यामुळे सीटला हात लावण्यापूर्वी नवी गाडी निदान हजार किलोमीटर आहे तशीच चालवून पाहावी. आधीचे मॉडेल जुन्या बाजारात घेणाऱ्यांनी मात्र विक्रेत्याकडून मूळ सीट, आरसे, सायलेन्सर आणि हँडलची टोके मागून घ्यावीत, आणि ती मिळत नसतील तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करूनच व्यवहार करावा. माझी मूळ सीट आणि मूळ टोके मी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवली आहेत.