घरगुती इन्क्युबेटर: तीन बॅच काढल्यानंतर लिहितेय

१२ अंड्यांचा, आत पंखा असलेला, अंडी आपोआप फिरवणारा इन्क्युबेटर घेतला आणि आतापर्यंत तीन बॅच काढल्या. पहिल्या बॅचनंतर लगेच लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता, आज चार देतेय, पण जो एक कापलाय तो उबवण्याच्या २१ दिवसांतल्या शेवटच्या तीन दिवसांसाठी कापलाय आणि घेणाऱ्याने ते आधी वाचावं असं मनापासून वाटतं.

चांगलं आधी सांगते. पंख्यामुळे कोपऱ्यातल्या अंड्यालाही मधल्याइतकीच ऊब मिळते, आणि अंडी फिरवायची कटकट पूर्ण संपली. खुडूक कोंबडी दिवसभर चोचीने अंडी सरकवत असते ना, तेच काम ट्रे करतो, नाहीतर गर्भ एका बाजूला चिकटून बसतो. झाकण पारदर्शक आहे त्यामुळे न उघडता सगळं दिसतं, हे किती मोलाचं आहे ते एकविसाव्या दिवशी कळतं.

आता तक्रार. स्क्रीनवर ३७.५ अंश सेल्सिअस दाखवत होता म्हणून मी निर्धास्त राहिले, तर पिल्लं एकोणिसाव्या दिवशीच टोचे मारायला लागली, अशक्त निघाली, दोघांची तर बेंबीपण नीट मिटलेली नव्हती. मग वेगळा छोटा थर्मामीटर आणला, कोमट पाण्यात तापाच्या थर्मामीटरसोबत धरून तो बरोबर आहे का बघितलं आणि अंड्यांच्या उंचीवर आत ठेवला, तर निघाले ३८.२! सेटिंग तेवढं खाली आणल्यावर पुढच्या दोन्ही बॅच बरोबर २१ दिवसांनी निघाल्या. तर कुठलंही मशीन घ्या, स्क्रीनवर विश्वास ठेवून अंडी ठेवू नका, आधी एक दिवस रिकामं चालवून तपासा.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि स्टार इथेच गेला. पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५० टक्के असली तरी चालतं, कारण अंड्यातलं थोडं पाणी उडून हवेची पोकळी मोठी व्हायलाच हवी. पण अठराव्या दिवशी फिरवणं बंद करून ती ६५-७० वर न्यायची आणि मग झाकण अजिबात उघडायचं नाही. आणि या मशीनमध्ये पाण्याचा खोलगट भाग आत खाली आहे, म्हणजे पाणी संपलं की झाकण उघडा! पहिल्या बॅचला मी तेच केलं, वर सुकलेली पिल्लंही एकेक करून बाहेर काढत बसले, आणि तेवढ्यात ज्याने नुकतं भोक पाडलं होतं त्याच्या अंगावर आतला पापुद्रा सुकून आवळला गेला, त्याला मान वळवता येईना. मी घाबरून कवच सोलायला घेतलं तर रक्त आलं, बलक अजून पोटाबाहेरच होता. ते पिल्लू गेलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

आता हवेच्या भोकातून बारीक नळी आत सोडून ठेवते, टोक खालच्या स्पंजवर, आणि सिरींजने कोमट पाणी सोडते. झाकण उघडायची गरजच पडत नाही. एवढी साधी नळी कंपनीला देता येत नाही का?

भोक पडल्यावर पिल्लू कित्येक तास काहीच करत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका आपण तेव्हाच करतो. ते थकलेलं नसतं, आत पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं, बलक पोटात जात असतो. २४ तास लागले तरी थांबायचं. तिसऱ्या बॅचला एकाचं २६ तास झाले तरी भोक तेवढंच, पापुद्रा कागदासारखा पिवळट, आतून चिवचिव मात्र चालू. तेव्हा कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून चोचीपासून लांब फक्त पापुद्रा ओला केला, भोकाच्या कडेचं नखाएवढं कवच उचललं, आणि एक लाल रेघ दिसली तशी तिथेच थांबले, झाकण बंद. चार तासांनी परत बघितलं तर रेघ गायब, पापुद्रा पांढरा, मग अजून थोडं कवच काढलं. पार्श्वभाग त्याचा त्यानेच ढकलून बाहेर काढला, तो मी सोलला नाही, कारण बेंबीची नाळ तिथेच असते.

अजून एक, आतली जाळी गुळगुळीत आहे, पिल्लांचे पाय फाकतात, त्यामुळे अठराव्या दिवशी खाली खरबरीत रबरी जाळी अंथरा. निघालेली पिल्लं पोटातल्या बलकावर दिवसभर आरामात राहतात, पूर्ण सुकून पिसं फुलली की मगच एकदम सगळी काढा.

हिशोब असा: पहिल्या बॅचला फळलेल्या १० पैकी ५, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ११ पैकी १०. मशीन घ्या, फक्त थर्मामीटर आणि नळी स्वतःची लावा.