एकटीच्या आयटी कंपनीसाठी विमा : तीन पॉलिसींनंतरचं माझं मत

मी इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये डेटा मायग्रेशनचं कॉन्ट्रॅक्टिंग करते. कंपन्यांचा हिशेबाचा डेटा जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये हलवायचा, एका पेनीचाही फरक येऊ न देता. नोकरी सोडून स्वतःची लिमिटेड कंपनी काढली आणि पहिल्याच कराराच्या वेळी काम मिळवून देणाऱ्या एजन्सीने दहा लाख पौंडांच्या प्रोफेशनल इन्डेम्निटीचं (आपल्या कामातल्या चुकीने क्लायंटचं नुकसान झालं तर त्यासाठीचा विमा) आणि तेवढ्याच पब्लिक लायबिलिटीचं (आपल्यामुळे कोणाला इजा झाली किंवा कोणाच्या वस्तूंचं नुकसान झालं तर त्यासाठीचा विमा) सर्टिफिकेट मागितलं. शुक्रवारी मागितलं, सोमवारी हवं होतं. तुलना करणाऱ्या एका साइटवर सगळ्यात स्वस्त होती ती घेतली, १४८ पौंडांना. दहा मिनिटांत सर्टिफिकेट हातात आलं. पॉलिसीचा मजकूर मी उघडलाही नाही.

आठ महिन्यांनी तो करार संपला. पुढचं काम मिळेपर्यंत दोन महिने गेले. कामच नाही तर हप्ते कशाला भरायचे, म्हणून मी विमा बंद केला आणि नवा करार मिळाल्यावर त्याच साइटवरून नवी पॉलिसी घेतली. तीन आठवड्यांनी जुन्या क्लायंटचा मेल आला : काही सप्लायरच्या नोंदी दुबार गेल्या आहेत आणि त्यांना दोनदा पैसे दिले गेलेत, नुकसान कोण भरणार?

माझ्या तोंडचं पाणी पळालं. फोन केला तेव्हा कळलं की गाडीच्या विम्यात धडक ज्या दिवशी झाली त्या दिवशीची पॉलिसी बघतात, पण प्रोफेशनल इन्डेम्निटीत दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशीची. शिवाय पॉलिसीत एक मागची तारीख लिहिलेली असते आणि तिच्या आधी केलेलं काम धरत नाहीत. माझी ती तारीख नव्या पॉलिसीच्या पहिल्या दिवसाची होती. म्हणजे त्या आठ महिन्यांच्या कामाला काहीच संरक्षण उरलं नव्हतं. सुदैवाने सप्लायरनी पैसे परत केले. मी चार शनिवार-रविवार बसून नोंदी विनामूल्य दुरुस्त करून दिल्या आणि प्रकरण मिटलं. त्या चार आठवड्यांत मला धड झोप लागली नाही.

त्यानंतर मात्र एका ब्रोकरकडे गेले, आणि त्याच्याबद्दल मनापासून चांगलं लिहिते. पलीकडच्या माणसाने फोनवर चाळीस मिनिटं घेतली. कोणाकडे काम करता, पेमेंटचा डेटा हाताळता का, अमेरिकेतला क्लायंट आहे का, पूर्वी काही तक्रार झाली का. दुबार नोंदींचं सगळं मी सांगितलं. इथल्या २०१५ च्या विमा कायद्याप्रमाणे अशी माहिती विमा कंपनीला देणं आपलं कर्तव्य आहे, आणि लपवली तर ऐन गरजेला क्लेम नाकारला जाऊ शकतो. त्यांनी ते एक प्रकरण वगळलं आणि माझ्या कंपनीचं आधीचं बाकी सगळं काम धरलं. पैसे घेण्याआधी पूर्ण मजकूर पाठवला. दहा लाखांची मर्यादा वर्षभरासाठी मिळून नाही, प्रत्येक क्लेमला वेगळी आहे आणि वकिलाचा खर्च त्यावर वेगळा, हे पान क्रमांकासह दाखवलं. माझ्या करारात माझ्याऐवजी दुसरी व्यक्ती पाठवायचा हक्क आहे. तिचं कामही धरलंय.

वर्षाचे ३१२ पौंड. त्यात १२ टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स आला, आणि तो व्हॅटसारखा परत मागता येत नाही. मासिक हप्त्यांनी एकूण जास्त पडतात, म्हणून एकदम भरले.

एम्प्लॉयर्स लायबिलिटी, म्हणजे कामामुळे कर्मचाऱ्याला इजा किंवा आजार झाला तर त्यासाठीचा विमा, घेतली नाही. कर्मचारी असतील तर १९६९ च्या कायद्याने ती सक्तीची आहे, किमान ५० लाख पौंडांची. पण कंपनीत मी एकटीच आहे आणि सगळे शेअर माझेच, त्यामुळे मला सूट आहे. पहिल्या साइटने ती आपोआप जोडली होती, ब्रोकरने मात्र स्वतःहून काढायला सांगितली. त्या एका गोष्टीने माझा विश्वास बसला.

खटकलं तेही लिहिते. क्लेममधले पहिले ५०० पौंड माझ्या खिशातून जाणार. अमेरिकेच्या कोर्टातले दावे वगळलेत, त्यामुळे गेल्या महिन्यात बोस्टनचं चांगलं काम मला सोडावं लागलं. आणि सायबर विम्याबद्दल तीनदा फोन आले, नको म्हटल्यावरही.

आता मोठी काळजी पुढची आहे. दोन वर्षांनी आई-बाबांसाठी नाशिकला परतायचं ठरतंय. कंपनी बंद झाली तरी करारभंगाचा दावा इंग्लंडमध्ये सहा वर्षांपर्यंत लावता येतो, म्हणून तेवढ्या काळाचं रन-ऑफ कव्हर, म्हणजे काम थांबल्यावर जुन्या कामाबद्दल येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा, घ्यायचंय. ते मिळेल का आणि साधारण कितीला, हे मी लेखी विचारलंय. फोनवर ‘मिळेल’ म्हणाले, कागद अजून आलेला नाही. मार्चमध्ये नूतनीकरण आहे. तो कागद आला की मगच पैसे भरणार.