चांदीच्या कातडीखालची चिप: दहा महिन्यांनंतर

आमची चांदी म्हणजे मुधोळ हाऊंड जातीची कुत्री. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबच्या नोंदणीला ओळखीची चिप लागते म्हणून जानेवारीत, ती पाच महिन्यांची असताना, बेळगावातच बसवून घेतली. बसवायच्या आधी मला जे वाचायला हवं होतं आणि मराठीत कुठं सापडलं नाही, ते इथं लिहितोय.

चिप म्हणजे काचेची बंद कुपी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. आपल्याकडच्या बासमतीचं फुललेलं शीत डोळ्यासमोर आणा. आत बॅटरी नसते. स्कॅनर अगदी जवळ आणला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते, १५ आकडी नंबर देते आणि पुन्हा गप्प. त्या नंबरापुढं नोंदणीत मालकाचं नाव आणि फोन असतो. त्यामुळं अंगात सतत रेडिएशन सुटतं ही भीती सोडून द्या. जीपीएसही तिच्यात नसतं. कुत्रं कुठं गेलं ते मोबाईलवर दिसत नाही.

सुई मात्र चांगलीच जाड असते, बघून माझ्याच पोटात गोळा आला. डॉक्टर कन्नडात म्हणाले, "गट्टी हिडकोरी," म्हणजे घट्ट धरा. मी चांदीला छातीशी घट्ट धरलं, त्यांनी दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली. ती एकदाच केकाटली. रक्ताचा एक थेंब आला, तो कापसानं टिपला. तीन दिवस तिथं हरभऱ्याएवढा फुगवटा होता, हात लावला की मान वळवून बघायची. चौथ्या दिवशी उतरला. आठवडाभर अंघोळ घातली नाही, एवढंच पथ्य.

आईचा प्रश्न पहिल्यापासून एकच होता, "त्यानं तिला गाठ नाही ना व्हायची?" तो उगाच नव्हता. प्रयोगशाळेतल्या काही उंदरांना चिपभोवती कॅन्सरच्या गाठी झाल्या होत्या आणि २००७ साली अमेरिकेत त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. माणसांच्या दंडात घालायच्या चिपला तिथं २००४ मध्ये परवानगी मिळाली होती, ती विक्री २०१० मध्ये बंद झाली. कुत्र्यांतही इटलीतल्या एका फ्रेंच बुलडॉगला चिपच्या जागी गाठ आल्याची नोंद २००६ सालची आहे. पण ब्रिटनमध्ये तर २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची आहे, जगभर लाखो कुत्र्यांच्या अंगात ती आहे, आणि अशा नोंदी अगदी थोड्या. म्हणून आईला मी "मुळीच नाही" असं सांगितलं नाही. "फार क्वचित होतं, आणि मी दर महिन्याला चाचपून बघीन," असं सांगितलं.

या चाचपण्याचा फायदा जूनमध्ये झाला. मुधोळच्या अंगावर चरबी नसते, चिप बोटाला सहज लागते. त्या दिवशी मानेमागं काहीच लागेना. शोधता शोधता डाव्या खांद्याच्या खाली सापडली. कातडीखालच्या सैल थरात ती अशी घसरते. कुत्र्याला त्याचा त्रास नाही, पण स्कॅन करणाऱ्यानं फक्त मानेमागं फिरवून "चिप नाही" म्हटलं तर खेळ खलास. दोन्ही खांदे आणि पुढचे पाय कोपरापर्यंत सावकाश बघायला सांगा.

खरा धक्का ऑगस्टमध्ये बसला. पायात काटा मोडला म्हणून दुसऱ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथं सहज स्कॅन केलं, मी पडद्यावरचे आकडे लसीच्या पुस्तकाशी ताडून बघितले. शेवटच्या चारांत ३ आणि ८ उलटेपालटे! पहिल्या ठिकाणी नंबर हातानं लिहिला होता आणि तोच पुढं नोंदणीत गेला होता. आठ महिने माझं नाव आणि फोन भलत्याच नंबराला चिकटलेले. दुरुस्तीला तीन आठवडे आणि चार फोन लागले. याचा राग मला अजून आहे, कारण पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात, एक चिकटवलं असतं तर भागलं असतं. तुम्ही चिप पाकिटात असतानाच स्कॅन करायला लावा, आत गेल्यावर पुन्हा करा, स्टिकर पुस्तकात चिकटवून घ्या, आणि नोंदणीत स्वतःचा फोन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

खानापूरला मामाच्या म्हशीच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला होता. तो झुडपात अडकून कान फाटला, बिल्ला गेला. चिप अशी हरवत नाही. पण बिल्ला कुणालाही वाचता येतो, चिपला स्कॅनर लागतो आणि आपल्याकडं गल्लीत स्कॅनर कुणाकडं असणार? म्हणून चांदीच्या पट्ट्यावर माझा नंबर मराठी आणि कन्नड दोन्हीत कोरून घेतलाय. दिवाळीत फटाक्यांना भिऊन ती वडगावातून थेट यळ्ळूर रोडला पळाली, तेव्हा एका पोरानं तोच वाचून फोन केला. पट्टा तुटला असता तर मग चिपच उरली होती. दोन्ही ठेवा.

या एक तारखेला पुन्हा चाचपलं. चिप डाव्या खांद्याखाली, जूनमध्ये होती तिथंच. भोवती गाठ नाही, सूज नाही. आईनंही बोट लावून बघितलं.