पत्रकारिता प्रवेश परीक्षेचा ऑनलाइन वर्ग : आठ महिन्यांचा अनुभव आणि प्रश्न क्रमांक ३८

हा अभिप्राय आजच का लिहीत आहे, हे आधी सांगते. गेल्या मंगळवारी मी या वर्गाच्या ॲपवरील अकराव्या क्रमांकाची सराव परीक्षा पुन्हा उघडली. खरी परीक्षा मार्चमध्येच होऊन गेली असल्याने तशी गरज काहीच नव्हती, परंतु प्रश्न क्रमांक ३८ चे उत्तर दुरुस्त झाले आहे का, एवढे मला पाहायचे होते. ते दुरुस्त झालेले नाही. नोव्हेंबरपासून ते चुकीचे आहे आणि नोव्हेंबरपासून मी ते कळवीत आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही; ज्यांनी हा वर्ग घेतला आहे, ते वर्णनावरून ओळखतीलच.

मी ठाण्यात राहते, वागळे इस्टेटमधील एका कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि मराठी वृत्तपत्रात बातमीदार व्हायचे ठरवून गेल्या ऑगस्टमध्ये या वर्गासाठी ९,९९९ रुपये भरले. त्यांतील सुमारे १,५२५ रुपये १८ टक्के वस्तू व सेवा कराचे आहेत, हे व्यवसायामुळे माझ्या लगेच लक्षात आले आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेले नाही. सीयूईटी पदव्युत्तर परीक्षेचे, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या ज्या सामाईक प्रवेश परीक्षेची तयारी हा वर्ग करून घेतो तिचे, स्वरूप असे : ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत. मराठी वृत्तपत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीने हिंदी-इंग्रजीतली परीक्षा का द्यावी, असा प्रश्न बाबांनीही विचारला होता. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेच्या मराठी पत्रकारितेच्या पदविकेसाठी अमरावतीचे केंद्र आहे, ते माझ्या यादीत आहेच. परंतु अनेक केंद्रीय विद्यापीठांचे दरवाजे सीयूईटीनेच उघडतात, म्हणून दोन्हीकडे प्रयत्न करायचा, असे मी ठरवले होते.

व्याख्यानांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती रेकॉर्ड केलेली आहेत, आवाज स्वच्छ आहे आणि दीडपट वेगाने ऐकली तरी काही बिघडत नाही. इतिहासाचा भाग नीटनेटका आहे : हिकीचे बंगाल गॅझेट १७८०, दर्पण १८३२, लिटनचा देशी वृत्तपत्र कायदा १८७८, केसरी १८८१, मूकनायक १९२०. एकोणिसाव्या शतकात ठाण्याहून अरुणोदय निघत असे, हे त्यात नाही, पण त्याबद्दल माझी तक्रारही नाही. ‘मराठी माध्यमातील टिपणे’ म्हणून जे दिले जाते, ते मात्र यंत्राने भाषांतर करून कोणी न वाचता चिकटवलेले असावे, कारण त्यात मास्टहेडला, म्हणजे पहिल्या पानावरील वृत्तपत्राच्या नावाला, ‘डोलकाठीचे डोके’ आणि लोकशाहीच्या चौथ्या स्तंभाला, म्हणजे इंग्रजी ‘फोर्थ इस्टेट’ला, ‘चौथी मालमत्ता’ म्हटले आहे. पहिल्या आठवड्यात मी त्यावर हसले आणि इंग्रजी टिपणांकडे वळले.

आता प्रश्न क्रमांक ३८. भारतात नियतकालिकांच्या नोंदणीसाठी सध्या कोणता कायदा लागू आहे, असा तो प्रश्न आहे. मी पर्याय ‘ड’ निवडला : प्रेस आणि नियतकालिके नोंदणी कायदा, २०२३. ॲपने लाल खूण करून बरोबर उत्तर ‘अ’, म्हणजे १८६७ चा मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायदा, असे दाखवले. वस्तुस्थिती अशी आहे की १ मार्च २०२४ पासून नवा कायदा अमलात आला, १८६७ चा कायदा रद्द झाला आणि भारतीय वृत्तपत्र निबंधकांचे कार्यालय प्रेस महानिबंधकांचे कार्यालय झाले. जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करण्याची जुनी पद्धत गेली आणि शीर्षकाची पडताळणी व नोंदणी यांसाठी एकच ऑनलाइन अर्ज आला. ज्याला या व्यवसायात शिरायचे आहे, त्याला वृत्तपत्राचा जन्मदाखला कोणत्या कायद्याखाली मिळतो, हे माहीत असायला नको का? विशेष म्हणजे याच वर्गाने बदनामीचे प्रकरण वेळेवर सुधारले आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० ऐवजी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ तेथे व्यवस्थित आहे. म्हणजे दुरुस्ती त्यांना करता येते. या एका प्रश्नावर आळस झाला आहे.

त्या चुकीने माझे पाच गुण गेले, चार न मिळालेले आणि एक वजा झालेला. सराव परीक्षेतील पाच गुणांना काही किंमत नसते, हे मला कळते. तरीही मी हिशेब केला : ४० सराव परीक्षा, म्हणजे एका परीक्षेचे २५० रुपये, म्हणजे एका प्रश्नाचे ३ रुपये ३३ पैसे. व्याख्याने यात धरलेली नाहीत, त्यामुळे हिशेब न्याय्य नाही. परंतु रागाच्या भरात तो मला फार पटला होता.

मी पहिली ईमेल शासकीय अधिसूचनेची प्रत जोडून पाठवली. उत्तर आले की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दुसऱ्या ईमेलला तेच उत्तर आले. तिसऱ्यानंतर फोन आला. समोरच्या मुलाने माझी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि मुलाखतीच्या तयारीचे ४,५०० रुपयांचे जोड-पॅकेज घेण्याचा आग्रह धरला. सातव्या ईमेलमध्ये मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकाचा उल्लेख केला, तेव्हा दोन दिवसांत माझी मुदत दोन महिन्यांनी वाढवण्यात आली. मी मुदत मागितलीच नव्हती. मला एका अक्षराची दुरुस्ती हवी होती, ‘अ’ च्या जागी ‘ड’. खरी परीक्षा घेणारी यंत्रणासुद्धा तात्पुरती उत्तरसूची जाहीर करते, प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये घेऊन आक्षेप नोंदवू देते आणि आक्षेप खरा ठरल्यास उत्तर बदलते. येथे तशी सोय असती, तर ते २०० रुपयेही मी भरले असते, आणि माझ्या घरचे सांगतील की मी सहजासहजी २०० रुपये भरणारी नाही. याच वर्गाच्या नीतिमूल्यांवरील व्याख्यानात प्रेस कौन्सिलचे निकष शिकवताना सांगितले जाते की चूक लक्षात येताच वृत्तपत्राने ती तत्परतेने आणि ठळकपणे दुरुस्त करावी. ते व्याख्यान मी दोनदा ऐकले.

डिसेंबरमध्ये मी या अभिप्रायाचा पहिला मसुदा एक तारा देऊन लिहून ठेवला होता. तो तेव्हाच प्रसिद्ध केला नाही हे बरे झाले, कारण जानेवारीत मी प्रथमच लेखनसरावाचा विभाग उघडला. शुल्कात तो समाविष्ट आहे, पण जाहिरातीत त्याचा उल्लेख ओझरताच असल्यामुळे मी तिकडे फिरकलेच नव्हते. दर आठवड्याला काही तथ्ये देऊन बातमी लिहायला सांगतात किंवा वृत्तसंस्थेच्या धर्तीवरील इंग्रजी मजकूर मराठीत करायला देतात, आणि एक निवृत्त उपसंपादक तो तपासतात. मी कागदावर लिहून फोटो पाठवत असे. तो छापून, त्यावर लाल शाईने खुणा करून, पुन्हा फोटो काढून ते परत पाठवत असत.

पहिला सराव पाणीकपातीचा होता. मी लिहिले : ‘महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या वतीने मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने नागरिकांनी सहकार्य करावे, असे आवाहन प्रशासनाच्या वतीने करण्यात आले आहे.’ मला ते अगदी छापील वाटले, म्हणून आईला वाचून दाखवले. तिने कुकरचे झाकण लावता लावता विचारले, ‘अगं, पण पाणी जाणार कधी?’ चार दिवसांनी कागद परत आला. पहिल्या दोन ओळींवर एक आडवी लाल रेघ होती, शेजारी लिहिले होते : ‘पाणी कुठे नाही, कधी नाही, किती तास नाही. विभाग शेवटी.’ त्याखाली पहिले वाक्य त्यांनीच लिहून दाखवले होते : ‘वर्तकनगर आणि कळव्यात शुक्रवारी सकाळी नऊपासून चोवीस तास पाणी येणार नाही.’ उलटा पिरॅमिड, म्हणजे बातमीत सर्वांत महत्त्वाचे आधी लिहिण्याची पद्धत, मी तोपर्यंत तीन व्याख्यानांत ऐकला होता आणि त्यावरच्या सर्व वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली होती.

अनुवादाच्या सरावात मी एका अपघाताच्या बातमीत, इंग्रजी ‘टोल’ घाईत तसाच ठेवून, ‘टोल वाढून सहावर गेला’ असे लिहिले. शेरा होता : ‘टोल नाक्यावर. येथे मृतांची संख्या.’ असे बारा कागद माझ्याकडे आहेत. त्यांच्या प्रती काढून मी एका फाइलमध्ये लावल्या आहेत, आणि या संपूर्ण खरेदीत जपून ठेवावे असे तेवढेच आहे. मराठी वृत्तपत्रांत प्रशिक्षणार्थी घेताना बहुधा असाच अनुवाद आणि अशीच बातमी लिहून घेतात, त्यामुळे सीयूईटीत गुण न देणारा हा विभाग मला पुढे जास्त उपयोगी पडेल, असे दिसते.

परीक्षेचे केंद्र रबाळ्याला आले. ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलने वेळेआधी तासभर पोहोचले आणि गाडीत बसून नोंदणी कायद्याचीच उजळणी केली. प्रश्नपत्रिकेत त्यावर एकही प्रश्न नव्हता. बाबांचे म्हणणे असे की आता तरी हे प्रकरण सोडून द्यावे.

तीन तारे देत आहे. त्यांतले अडीच लाल शाईचे आहेत. केवळ वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या सरावासाठी कोणी हा वर्ग घेत असेल, तर मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या वाचनालयात बसून रोज दोन वृत्तपत्रे वाचावीत आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, त्याला ९,९९९ रुपये लागत नाहीत. ज्यांनी वर्ग आधीच घेतला आहे, त्यांनी लेखनसराव पहिल्या आठवड्यापासून सुरू करावा. मी पाच महिने वाया घालवले. माझी वाढीव मुदत जूनअखेर संपते आणि तोपर्यंत उरलेले आठ सराव मी पाठवणार आहे. आठवी ईमेलही लिहून तयार आहे. अधिसूचनेची प्रत या वेळी रंगीत जोडली आहे.