जपानचे २,६४३ फोटो घरच्यांना दाखवताना: सात महिन्यांनंतर

मार्चअखेरीस आम्ही दोघं बारा दिवस जपानला जाऊन आलो. टोकियो, क्योतो, नारा, ओकायामा, हिरोशिमा आणि परत टोकियो. येताना सोबत आले २,६४३ फोटो आणि २१२ व्हिडिओ, मिळून ८६ जीबी. हा ऐवज पुण्यात आई आणि सासरे, नाशिकला भाऊ, कोल्हापूरला मावशी आणि टोकियोत आम्हाला चार दिवस ठेवून घेणारी मैत्रीण एवढ्यांना दाखवायचा होता. त्यासाठी एप्रिलपासून तीन मार्ग वापरून झाले. पहिल्या महिन्यातच लिहायला बसले असते तर भलत्याच गोष्टीची शिफारस केली असती.

पहिला मार्ग सगळे करतात तोच. रोजच्या मेसेजिंग अ‍ॅपवरचा घरचा ग्रुप. क्योतोच्या हॉटेलात रात्री पाय चेपत बसून मी एका दमात १८० फोटो ढकलले. तिकडून चार अंगठे आले, एक 'मस्त!' आला आणि सकाळपर्यंत सगळं सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं गेलं. हे अ‍ॅप फोटो बारीक करून पाठवतं, आणि त्याहून वाईट म्हणजे फोटो कधी काढला ती तारीखही वाटेत गळते. भावाने ते उतरवून घेतले, तर त्याच्याकडे सगळे फोटो एकाच रात्री काढल्यासारखे दिसत होते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ आकार आणि तारीख दोन्ही टिकतात, पण १८० वेळा तो उद्योग कोण करणार!

परत आल्यावर भाच्याच्या सांगण्यावरून एक परदेशी गॅलरी सेवा घेतली. नाव घेत नाही. दिसायला फारच देखणी, पांढऱ्या पानावर मोठमोठे फोटो. पण बघणाऱ्या प्रत्येकाने आधी खातं उघडायचं. मावशी ओटीपीपाशी अडकली, मग पासवर्डपाशी, आणि शेवटी म्हणाली, "तू आलीस की तुझ्याच फोनवर बघेन गं." तीन महिन्यांनी सवलतीची मुदत संपली आणि आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका मेल्या. त्या सेवेत मी फोटोंखाली लिहिलेल्या ओळीही गेल्या, त्याचं अजून वाईट वाटतं. आता ओळी आधी वहीत लिहिते, मग वर टाकते.

तिसरा मार्ग म्हणजे गुगल फोटोजमधला शेअर्ड अल्बम, आणि तो टिकला. लिंक दाबली की खातं न विचारता फोटो दिसतात, हे एकच कारण मला पुरेसं होतं. फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत आमचं भागणं शक्यच नव्हतं. २०२१च्या जूनपासून फोटोही त्याच १५ जीबीत मोजले जातात आणि त्यात मेलही असतो. १०० जीबीचा प्लॅन घेतला तेव्हा महिना १३० रुपये होता. खरा खादाड होता नवऱ्याचा आयफोन. त्याने सगळे व्हिडिओ फोर-के, सेकंदाला ६० फ्रेम्सवर काढले होते. त्या सेटिंगला मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात, हे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण. तेच ३० फ्रेम्सवर १७० एमबी आणि साध्या १०८० वर ६० एमबी. आमच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर मला तरी तिन्हींत फरक ओळखता आला नाही. नवरा म्हणतो ओळखता येतो. बरं.

आता सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. फोन विमानतळावर उतरल्या उतरल्या स्वतःची वेळ बदलतात. माझा कॅमेरा मात्र बारा दिवस इमानेइतबारे पुण्याच्या वेळेवर चालला. परिणाम असा, की अल्बममध्ये क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या लाल तोरींचे, म्हणजे कमानींचे, पहाटे पावणेसहाचे फोटो रात्री सव्वादोनच्या वेळेने बसले. सासऱ्यांनी सरळ विचारलं, "मध्यरात्री सव्वादोनला डोंगरावर काय करत होतात तुम्ही?" देऊळ चोवीस तास उघडं असतं हे खरं, पण आम्ही तेव्हा हॉटेलात घोरत होतो. त्याच हिशेबाने नाऱ्यात संध्याकाळी कॅमेऱ्याने टिपलेली हरणं भरदुपारी जाऊन बसली होती, त्याच हरणांचे फोनवरचे फोटो संध्याकाळी, आणि मध्ये आमचं जेवण. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे. त्याने कॅमेऱ्याचे नऊशे फोटो एका आज्ञेत साडेतीन तास पुढे सरकवता येतात. मी ते अल्बम भरून झाल्यावर केलं आणि सगळं पुन्हा चढवावं लागलं. तुम्ही आधी करा. अल्बमच्या आतही वेळ बदलता येते, पण संगणकावर मूळ फाइलचीच वेळ सुधारली की हार्ड डिस्कवरची प्रतही शहाणी राहते. सोपा उपाय तर विमानात बसल्या बसल्या कॅमेऱ्याचं घड्याळ बदलण्याचा, तो मला पुढच्या वेळी सुचेल.

आता बघणाऱ्यांविषयी. अल्बममध्ये मी सुरुवातीला ७०० फोटो ठेवले होते. ते शेवटपर्यंत कोणी बघितले नाहीत, आईनेसुद्धा नाही. जूनमध्ये निम्मे काढले, ऑगस्टमध्ये आणखी, आणि आता ८४ फोटो आणि १९ छोटे व्हिडिओ उरलेत. सगळ्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं याचा माझा अंदाज साफ चुकला. शिन्कान्सेनच्या, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनच्या, खिडकीतून फुजीसान (फुजी पर्वत) दिसला तेव्हा मी अक्षरशः ओरडले होते. टोकियोहून क्योतोला जाताना उजवीकडची ई सीट मुद्दाम घेतली होती त्यासाठी. घरी त्याला 'छान' मिळालं. आणि मावशीने चार वेळा लावला तो व्हिडिओ कुठला? रस्ता ओलांडायच्या सिग्नलवर अंधांसाठी पक्ष्याचा आवाज लावलेला असतो, कुठे 'काक्को', कुठे 'पियो पियो'. बावीस सेकंदांचा, हललेला, त्यात माझी अर्धी बॅग. पण आवाज स्वच्छ. तसाच टोकियोतल्या यामानोते या रेल्वेमार्गावरच्या ताकादानोबाबा स्टेशनचा. गाडी सुटताना तिथे अ‍ॅस्ट्रो बॉय या कार्टूनची धून वाजते. आणि डब्याचं दार उघडून आत येणारा, वळून डब्याला वाकून नमस्कार करणारा कंडक्टर. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी तो त्यांच्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवला.

मग मी बोलायला लागले. त्याला कारण झालं सान्जुसान्गेन्दो. क्योतोतलं ते १२० मीटर लांबीचं लाकडी मंदिर, आत कान्नोन या करुणेच्या देवतेच्या १,००१ मूर्ती, आणि आत फोटो काढायला सक्त मनाई. त्यामुळे अल्बममध्ये फक्त बाहेरची लांबच लांब भिंत. सासऱ्यांना वाटलं आम्ही आत गेलोच नाही. म्हणून त्या भिंतीच्या व्हिडिओवर मी घरी बसून दीड मिनिट मराठीत बोलले: आत अंधार कसा होता, मूर्तींच्या रांगा मागे मागे चढत कशा जातात, शेजारची एक जपानी आजी एकेका चेहऱ्याशी थांबून कुणाला तरी शोधत असावी तशी कशी बघत होती. आता घरी पाहुणे आले की टीव्हीवर पहिला तोच लागतो, ज्यात आतलं काहीही दिसत नाही तो. त्यानंतर १९ पैकी ११ व्हिडिओंवर मी बोलले आहे. फोनच्या साध्या व्हिडिओ एडिटरमध्ये होतं, वेगळं काही लागत नाही.

टीव्हीचं आणखी एक. वडीलधारी माणसं फोनवर बघतात ते तुमच्या आग्रहाखातर आणि टीव्हीवर बघतात ते स्वतःच्या खुशीने. अल्बम फोनवरून टीव्हीवर कास्ट होतो, पण कास्ट करायला कोणीतरी घरी असावं लागतं. म्हणून निवडक तुकडे जोडून १४ मिनिटांची एक फिल्म केली आणि यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवली, म्हणजे शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसते. सासऱ्यांच्या टीव्हीवर ती सेव्ह करून दिली आहे. डॉन किहोते दुकानातली न थांबणारी जिंगल त्यातून कापली. एक तर तिचे हक्क दुसऱ्याचे, आणि दुसरं म्हणजे एकदा ऐकली की तीन दिवस डोक्यातून जात नाही.

मैत्रिणीचा फोन मात्र मी विसरणार नाही. ती टोकियोतल्या निशी-कासाईला राहते. अल्बमची लिंक तिलाही पाठवली होती. दुसऱ्या दिवशी तिने फार मऊ आवाजात विचारलं, "माझ्या लेकीच्या वर्गातली मुलं आहेत त्या हानामीच्या, चेरीचा बहर बघतानाच्या, फोटोंत. ही लिंक कोणालाही उघडते का?" उघडत होती. तिकडे लोक ओळखपाळख नसलेल्यांचे चेहरे झाकून मगच फोटो टाकतात, हे मी तिथे बघितलं होतं आणि तरी मला सुचलं नव्हतं. त्याच दिवशी दोन अल्बम केले. लिंकने उघडणाऱ्या अल्बममध्ये एकही मूल नाही आणि ठिकाणाची माहितीही बंद, कारण तिच्या घराचा पत्ता फोटोतल्या नकाशावर दिसत होता. दुसरा फक्त आठ जणांच्या खात्यांना. क्योतोतल्या गिओन या गेइशांच्या वस्तीत समोरून गेलेल्या माइकोची (शिकाऊ गेइशाची) क्लिपही काढून टाकली. तिथल्या खाजगी गल्ल्यांमध्ये फोटो काढल्यास १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. आमची क्लिप मुख्य रस्त्यावरची होती, नियमात बसत होती. पण ती मुलगी मान खाली घालून पळत होती आणि मागे वीस फोन होते, त्यातला एक माझा.

छपाईबद्दल थोडंसं. पुण्यात फोटोबुक छापून घेतलं, रात्रीचे फोटो काळेठिक्कर आले, परत छापायचा कंटाळा केला. याउलट जपानमध्ये सेव्हन-इलेव्हनच्या कॉपी मशीनवर फोनवरून फोटो पाठवला की लहान एल साइजचा प्रिंट ४० येनला मिनिटात हातात येतो. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर ज्या आजींच्या घरगुती खानावळीत आम्ही दोनदा जेवलो, त्यांचा असा एक फोटो आधीच्या रात्री हिरोशिमात छापून नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर लगेच लावला. एवढ्या सगळ्या जीबींमध्ये जागच्या जागी पोचलेला तो एकच फोटो.

सात महिन्यांत कुठलाही फोटो हरवला नाही. मूळ ८६ जीबी एका एसएसडीवर माझ्याकडे आणि दुसऱ्या एसएसडीवर नाशिकला भावाच्या कपाटात आहेत. अल्बमच्या भरवशावर मूळ फाइली पुसू नका, एवढं सांगते आणि पुढे जाते.

ओकायामाला आम्ही गेलो ते आईमुळे. ती रोज सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जाते. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ते हेच, आणि ज्या कोराकुएनवरून ते बेतलं ती १७०० साली पुरी झालेली बाग ओकायामात आहे. तिथला तीन मिनिटांचा व्हिडिओ मी मुद्दाम तिच्या चालीने चालत काढला: हिरवळ, तळं, नदीपलीकडचा काळा किल्ला. आईने तो बागेतल्या मैत्रिणींना दाखवला आणि त्यांच्यात आपली बाग बरी की त्यांची यावर चर्चा झाली, निकाल पुण्याच्या बाजूने लागला. अल्बममध्ये इतरांना फोटो टाकायची मुभा मी पहिल्या दिवसापासून दिली होती, पण सहा महिने कोणी काही टाकलं नव्हतं. गेल्या महिन्यात अचानक शेवटी एक नवा व्हिडिओ दिसला. छोटा पूल, तळं, कडेला सलवार-कमीज आणि पांढऱ्या बुटांतल्या चार बायका, आणि आईचा आवाज: "हे पुणं. डावीकडून बघा."