एक कॉमोडस, दोन शेवट

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसला वारस म्हणून मुलगा कॉमोडस नव्हे, सेनापती हवा असतो. सम्राट मरतो, कॉमोडस गादीवर बसतो. 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' (1964) आणि 'ग्लॅडिएटर' (2000) या दोन्ही चित्रपटांचा पाया हाच. दोन्हीकडे सेनापती काल्पनिक, दोन्हीकडे तो द्वंद्वात कॉमोडसला मारतो. पण मग गादीचं काय?

'ग्लॅडिएटर'मध्ये सेनापती मॅक्सिमस स्वतःच मरतो, त्यामुळे तो प्रश्न आपोआप निकालात निघतो. लढतीआधी कॉमोडस बेड्यांत अडकवलेल्या मॅक्सिमसला भोसकतो आणि जखम चिलखताखाली लपवतो. ही युक्ती पटकथेला दुहेरी उपयोगी पडते: विजय न्याय्य ठरतो आणि नायकाचा मृत्यूही आधीच पक्का होतो. मरता मरता तो सत्ता सिनेटकडे सोपवतो. प्रेक्षक सुखावतो, इतिहास मात्र साफ कोलमडतो.

1964च्या चित्रपटात सेनापती लिव्हियस जिवंत राहतो. सैनिकांनी ढालींची भिंत उभारलेल्या रिंगणात कॉमोडस पडतो, लिव्हियसला गादी देऊ केली जाते आणि तो ती धुडकावून कॉमोडसची बहीण ल्युसिला हिच्यासोबत चालू लागतो. मागे साम्राज्याचा लिलाव पुकारला जातो. हे भावनिकदृष्ट्या कोरडं वाटतं, कारण तीन तास ज्याच्या बाजूने उभे राहिलो तो ऐनवेळी हात झटकतो. पण इतिहासाशी जवळचा शेवट हाच. खरा कॉमोडस इ.स. 192च्या अखेरीस गळा दाबून मारला गेला, तोही आखाड्यात नव्हे. पुढच्याच वर्षी प्रिटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाने, खरोखर गादीची बोली लावली आणि डिडियस जुलियानसने ती विकत घेतली. फक्त मधले सम्राट पर्टिनॅक्सच्या राजवटीचे जेमतेम तीन महिने चित्रपटाने गाळले आहेत.